काळ्या पेनातली शाई

जळगाव
१२ जानेवारी २०२५

ज्योत्स्ना,

वर काय लिहावे ते सुचले नाही म्हणून नुसते नाव लिहिले. लग्नाला चौतीस वर्षे झाली, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. कंपनीच्या दौऱ्यावर असायचो तेव्हा शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप द्यायचो, तोही "उद्या येतो" एवढाच.

फोन लावला की तुझा भाऊ उचलतो. काल सकाळी अकराला लावला तर मोतीलाल म्हणाला, "दाजी, ताई जपेल शे." तू आयुष्यात कधी सकाळी अकराला झोपली आहेस? मी विचारले, तब्येत बरी आहे ना. म्हणाला, "तब्येत बरी शे. बोलानं मन नही तिनं." खोटे बोलणे त्याला दोन वाक्यांच्या पुढे नेता येत नाही.

म्हणून लिहितो. मला काही पटवून द्यायचे नाही, फक्त त्या दिवशीचे सांगायचे आहे. तू स्वयंपाकघरातून आलीस तेव्हा मी भाजीची यादी लिहीत होतो आणि हातात आपल्या हितूचा निळा पेन होता. तू म्हणालीस, "त्यानी शाई सरी जाई." त्याची शाई संपून जाईल, एवढेच. राग आला की तू माहेरच्या बोलीवर येतेस. मग तू मोतीलालला फोन लावलास आणि पिशवी भरून धुळ्याला गेलीस. मला बोलता आले असते तर तेव्हाच बोललो असतो.

हितू गेला तेव्हा त्याचे तीन पेन भरलेले होते. दोन टेबलावरच्या पेल्यात. तिसरा, काळा, दवाखान्यातून आलेल्या त्याच्या शर्टाच्या खिशात होता. डेंग्यूचे ते सगळे दिवस तो खिशालाच होता. उत्तरकार्य झाल्यावर त्याच्याबरोबर कॉलेजात शिकवणाऱ्या मेघा मॅडम भेटायला आल्या होत्या, केमिस्ट्रीच्या. तू त्यांना चहा दिलास आणि आत गेलीस. त्या पेल्याकडे बघून म्हणाल्या, "काका, भरलेला पेन नुसता ठेवला की शाई आत वाळते. रोज दोन ओळी लिहीत जा, नाहीतर धुऊन ठेवा." धुतले तर त्याने भरलेली शाई मोरीत जाणार. म्हणून मी लिहायला लागलो. भाजीची यादी, गॅस कधी लावला ती तारीख, पेपरातली एखादी ओळ. मला वाटत होते मी पेन सांभाळतो आहे. तुला दिसले की मी शाई संपवतो आहे. दोन्ही खरे आहे.

काळ्याला मी हात लावलेला नाही. तू मोतीलालकडून निरोप दिला होतास की त्यातली शाई तरी तशीच राहू द्या. ती तशीच आहे. पेन कपाटात रुमालात गुंडाळून ठेवला आहे.

एप्रिलच्या शेवटी अक्षय्य तृतीया आहे. आखाजीला घरी ये. त्याची पहिली आखाजी आहे. त्याच्या नावाची घागर आपल्याच उंबऱ्यात भरावी लागेल आणि ते मला एकट्याला जमणार नाही. त्याच्या आधी आलीस तर बरेच. नाही आलीस तरी आखाजीला ये.

पितांबर

जळगाव
९ फेब्रुवारी २०२५

ज्योत्स्ना,

तुझे उत्तर नाही. मोतीलालला विचारले तर म्हणाला, "पत्र उनं. ताईनी उशीखाल ठी दिधं." वाचले का म्हटले, तर "ते माले काय ठाऊक!" म्हणून मोकळा झाला. उशीखाली ठेवलेस एवढे कळले. फाडले नाहीस.

त्याने हेही सांगितले की पाकिटावरचा पत्ता पसरला होता आणि देवपूरचा पोस्टमन तीन घरी विचारत आला. चूक माझी. पत्ता मी साध्या निळ्या शाईने लिहिला होता. ती पाण्याचा हात लागला की जाते. आता पाकिटावर माझ्या जुन्या पेनात भरलेली, न पुसली जाणारी कायम शाई वापरतो. आतले पत्र निळ्या-काळ्या शाईने लिहितो आहे. ती आधी निळी दिसते आणि वाळली की काळपट होते. पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा कशी दिसेल ते मला इथून कळणार नाही.

हितूच्या खणात दहा-बारा बाटल्या आहेत. त्याला आपण एवढे बोलायचो, पण त्याची पद्धत होती. एका वेळी तीनच पेन भरायचे. निळा कॉलेजच्या रोजच्या लिहिण्याला. काळा ऑफिसात जाणाऱ्या कागदांना, कारण ती शाई पुसली जात नाही. तिसऱ्यात दर महिन्याला नवा रंग. हिरवा, जांभळा, विटकरी, पुन्हा हिरवा. कोणतीच बाटली पडून राहायची नाही. रविवारी जेवण झाले की तो पेन घेऊन मोरीत बसायचा आणि तू दारावर थाप मारायचीस, "हितू, पेन धुतो का लग्नाला निघाला?" तो आतून म्हणायचा, "आई, आधी पोरगी बघ, मग निघतो."

मी तसेच चालवले आहे. जारचे पाणी घेतो. बोअरच्या पाण्यात क्षार असतात आणि ते बारीक जागी बसतात, हे मला कोणी शिकवायला नको. ठिबकच्या कंपनीत तीस वर्षे तेच सांगत बांधाबांधाने फिरलो. फिक्या शाईनंतर गडद भरायची तर एकदा धुतलेले चालते. गडदनंतर फिकी भरायची तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे लागते. लाल सगळ्यात चिवट. तिने तो पेपर तपासायचा. मी ती भरत नाही. लाल शाईने घरी काय लिहिणार.

हिरवीला हात धजत नव्हता. आमच्या वेळी हिरवी शाई म्हणजे मोठ्या साहेबांची. हितूला एकदा तसे म्हणालो होतो तर तो म्हणाला, "पप्पा, तुम्ही रिटायर झालात. आता तुम्हाला कोण मेमो देणार?" पुढच्या महिन्यात भरून बघेन.

कागद मात्र वाईट आहे. कंपनीचे जुने पॅड संपवतो आहे. त्यावर शाई मागे फुटते, म्हणून एकाच बाजूला लिहितो. लिहिण्यासारखे जास्त नसतेही. सकाळी उठतो, खिचडी टाकतो, तीच संध्याकाळी गरम करतो. पहूरहून चुलतभाऊ येऊन गेला. बसला, पंख्याकडे बघितले, गेला. लोकांना आता काय बोलावे कळत नाही, आणि मी त्यांना मदत करत नाही.

काळा पेन आहे तसा आहे.

पितांबर

जळगाव
१६ मार्च २०२५

ज्योत्स्ना,

ही हिरवी. कशी वाटते ते माहीत नाही. मला अजून कोणाच्या तरी खुर्चीत बसल्यासारखे वाटते आहे.

अक्षर वाकडे आले आहे ते शाईमुळे नाही. उजव्या अंगठ्याला थोडे पोळले आहे. काळजीचे काही नाही. मलम लावतो.

गुरुवारी होळी झाली. गल्लीतल्या पोरांनी आपल्या दारापासून लांब पेटवली. मी न सांगता त्यांनी तसे केले. नंतर एक जण विचारायला आला, "काका, चालंल ना?" मी हो म्हणालो.

निळ्याची बाटली तळाला गेली म्हणून नव्या पेठेत हितूच्या नेहमीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मला ओळखले. म्हणाला, "तुम्ही पाटील सरांचे पप्पा ना? सर दिसत नाहीत बरेच दिवस. बदली झाली का?" ज्योत्स्ना, मी हो म्हणालो. का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. दुकानात गर्दी होती, पोरे वह्या घेत होती, पंखा खडखडत होता. तिथे ते वाक्य बोलायचे मला जमले नाही. "बाहेर असतो," म्हणालो. तो म्हणाला, "मग ही त्यांची मोरपंखी घेऊन जा. दर चार दिवसांनी विचारायचे, आली का, आली का. आता आलीय तर स्वतः गायब! सांगा त्यांना, मी लय भांडणार आहे."

मी बाटली घेऊन आलो. खोक्यावरचे प्लास्टिकही काढलेले नाही. घरात हितूची म्हणून असलेली ही एकच बाटली, जिला त्याचा हात लागलेला नाही. ती उघडायची की नाही ते मी ठरवणार नाही. तू सांग.

निळी नवी आणली, ती जुनीत मिसळली नाही. दोन शायांची बाटली एक करायची नाही, कधी कधी आत गाळ होतो, असे मेघा मॅडम म्हणाल्या होत्या. त्यांच्याकडे मागच्या आठवड्यात एका कामासाठी गेलो होतो. काम झाले नाही.

सुनंदाबाई भांडी घासायला वेळेवर येतात. मोरीही घासून देतात, सांगावे लागत नाही.

आखाजी तीस एप्रिलला आहे. कॅलेंडरवर तुझ्याच हाताची खूण आहे, जानेवारीतच केलेली. म्हणजे निघायच्या आधी तू केली होतीस. मी ती परवा पाहिली.

पितांबर

जळगाव
११ एप्रिल २०२५

ज्योत्स्ना,

काल मोतीलालचा फोन आला. या वेळी त्याने आपण होऊन केला. म्हणाला, "दाजी, ताई आखाजीले येवाव शे. आनि ती मोरपंखी बाटली फोडू नका म्हणे. आनि तो काळा पेन तिले हातमा पाहिजे." मी त्याला पुन्हा सांगायला लावले. तो वैतागला, "दाजी, बठ्ठं सांगं ना मी! अजून काय लिखी देऊ?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बसून होतो. तू येणार हे कळल्यावर माणसाने उठून घर झाडायला घ्यावे. मी बसून राहिलो. कारण काळा पेन तुझ्या हातात देण्यासारखा राहिलेला नाही.

आता सरळ लिहितो.

जानेवारीच्या शेवटी मी तो रुमालातून काढला, फक्त बघायला. कागदावर टेकवला तर उमटला नाही. कायम शाई होती, ती लवकर वाळून धरते. फेब्रुवारीत मी तुला लिहिले की पेन आहे तसा आहे, तेव्हा तो बंद पडल्याचे मला ठाऊक होते. मग मार्चच्या सुरुवातीला माझ्या डोक्यात आले की तू एक दिवस येशील, तो हातात घेशील, टोपण काढून एखादा शब्द लिहायला जाशील आणि तो उमटणार नाही. ते मला बघवणार नव्हते. म्हणून मी तो दुरुस्त करायला घेतला.

माझे काम तुला माहीत आहे. केळीच्या बागेत ठिबकची नळी क्षाराने तुंबली की आम्ही पाण्यात ॲसिड सोडायचो, नळीत रात्रभर राहू द्यायचो आणि सकाळी टोक उघडायचो. आधी घाण पाणी येते, मग स्वच्छ. सावद्याकडच्या किती बागा मी अशा सोडवल्या असतील. मागच्या अंगणात फरशीसाठी आणलेला ॲसिडचा कॅन होता. काचेच्या वाटीत पाणी घेतले, ॲसिड अंदाजाने टाकले आणि पेनाचे तोंड त्यात बुडवून ठेवले. अंगठा तेव्हाच पोळला.

सकाळी वाटीतले पाणी काळे झाले होते. मला आनंद झाला. हितू गेल्यापासून पहिल्यांदा झाला. सुटली, असे मी मोठ्याने म्हणालो, घरात कोणी नसताना. वाटी उचलली आणि मोरीत ओतली. नळीचे पहिले पाणी चारीत सोडतो तशी. ओतून झाल्यावर माझ्या लक्षात आले की ते काळे पाणी म्हणजेच हितूने भरलेली शाई.

पेन बघितला तो त्याच्यानंतर. निबवरचे सोनेरी पाणी उडाले होते आणि टोक खाल्ले गेले होते. मेघा मॅडमकडे गेलो होतो ते याच कामासाठी. त्यांनी भिंगातून बघितले आणि म्हणाल्या, "काका, नळी प्लास्टिकची असते. हे पोलाद आहे. नुसत्या पाण्यात दोन दिवस ठेवला असता तरी सुटला असता." हे शेवटचे त्यांनी सांगितले नसते तर बरे झाले असते. पण शिकवायची सवय, सांगावेच लागते. निब दुसरी मिळेल म्हणाल्या. मी नको म्हणालो.

मोरीच्या फरशीवर काळा ओघळ राहिला होता. मी त्यावर पाणी पडू देत नव्हतो. हातपाय अंगणात धुवायचो. दोन-तीन दिवसांनी सुनंदाबाई आतून घाम पुसत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, काय सांडलं होतं हे? निघता निघेना. पण सोडलं नाही मी, काढलंच!" मी त्यांना काय म्हणणार. बरे झाले म्हणालो.

हे सगळे मी तुला आखाजीनंतर सांगू शकलो असतो. तू आली असतीस, घागर भरून झाली असती, मग हळूच सांगितले असते. काल बसलो होतो तेव्हा हाच विचार करत होतो. पण मग तू धुळ्याहून एवढ्या उन्हात त्या पेनासाठी आली असतीस, आणि मी तुला उंबऱ्यात उभे करून रुमाल दिला असता. ते मला करायचे नाही.

हे वाचून येणार नसशील तर मोतीलालकडून तसे कळव. घागर मी भरेन. सांजोऱ्या तळायला जमणार नाहीत, पण बाकीचे करेन.

पितांबर

जळगाव
२६ एप्रिल २०२५

ज्योत्स्ना,

येते किंवा येत नाही, काहीच कळवले नाहीस. मोतीलाल फोन उचलत नाही. सांगण्यासारखे काही नसले की तो उचलत नाही, हे मला आता समजते.

घागर आणली. कुंभाराच्या ओट्यावर बायका टिचकी मारून बघत होत्या. मी मारली तर मला सगळ्या सारख्याच वाजल्या. शेजारच्या एका बाईने माझ्या हातातली काढून घेतली आणि दुसरी दिली. घागरीवर ठेवायचे डांगर, बाजारवाले खरबूज म्हणतात ते, अजून घेतले नाही, या उन्हात ते टिकणार नाही. आदल्या दिवशी घेईन.

ऊन फार आहे. पेन दुपारी टोपण न लावता ठेवला तर ओळ संपेपर्यंत निब कोरडी पडते. कूलर लावला तर कागद ओला होतो आणि शाई पसरते. म्हणून कूलर बंद करून लिहितो आणि लिहून झाले की लावतो. तिसरा, रंगाचा पेन धुऊन ठेवला आहे. पुढचा रंग कोणता भरावा ते सुचत नाही.

हे पत्र तुला आखाजीच्या आत मिळेल का, माहीत नाही.

पितांबर

जळगाव
२ मे २०२५

ज्योत्स्ना,

हे पत्र पोस्टात टाकायचे नाही. तू आतल्या खोलीत आहेस. झोपली आहेस की नुसती पडली आहेस, ते कळत नाही.

परवा काय झाले ते तू पाहिलेच आहेस. मी काय पाहिले ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

रिक्षा थांबली तेव्हा मी उंबरा पुसत होतो. आधी मोतीलाल उतरला, मला वाटले एकटाच आला. मग तू उतरलीस. मी पाणी आणले. तू तांब्या हातात घेतला नाहीस. म्हणालीस, "पेन कुठं आहे?" मोतीलाल म्हणाला, "ताई, पहिले बैस ते खरी." तू त्याला म्हणालीस, "तू गप रे." मी रुमाल दिला. तू उभ्यानेच उघडलास, टोपण काढलेस, निब उजेडाकडे धरली. खूप वेळ धरली. मग पदराने पुसलीस. मला म्हणालीस, "कुठं ओतलं?"

मी मोरी दाखवली. तू आत गेलीस आणि मोरीच्या कठड्यावर बसलीस. साडीचा काठ ओला झाला ते तुझ्या लक्षात आले नाही. माझ्या आले होते. मोतीलाल बाहेर जाऊन रिक्षावाल्याशी उन्हाबद्दल बोलत राहिला, आणि तो बिचारा ऐकत राहिला.

मी दारात उभा होतो. तू काय म्हणशील ते मी तीन आठवडे मनात ऐकत होतो, त्यामुळे तयार होतो. तू ते म्हणाली नाहीस. तू फरशीकडे बघत म्हणालीस, "त्याचा दवाखान्यातला शर्ट मी दुसऱ्याच दिवशी भिजवला. खिशातला पेन काढून ठेवला आणि शर्ट साबणात टाकला. सवयीनं. दांडीवर वाळत घातला तेव्हा कळलं. वास होता त्याला, त्याचा. तो गेला." मग म्हणालीस, "मी कोणाला सांगितलं नाही."

मला तुझ्या शेजारी बसायचे होते. कठड्यावर जागा होती. मी बसलो नाही. ते आता लिहितो आहे.

तू उठलीस आणि म्हणालीस, "वहिनीनं सांजोऱ्या दिल्यात. पिशवीतून काढा, मोडतील." दोन-तीन मोडल्या होत्या. सगळ्यात मोठी अख्खी तू बाजूला काढलीस.

घागर भरताना तू सगळे केलेस. पाणी, डांगर, आंबे, सांजोरी. मग उंबऱ्यावर कुंकवाचे एकेक बोट लावत एकेक नाव घेतलेस. माझ्या आजोबांचे, माझ्या वडिलांचे, आबांचे, झुलाल म्हणून, माझ्या आईचे. प्रत्येक वेळी तुझा आवाज नेहमीसारखा होता. मग पुढचे बोट टेकवलेस आणि थांबलीस. ते बोट खाली उंबऱ्यावर तसेच राहिले. तिथे आमच्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या रांगेत त्याचे नाव घ्यायचे होते. मी वाट बघितली. तू मान वर केली नाहीस. मग मी नाव घेतले. हितेंद्र पितांबर. मोतीलालने ऐकले, कारण तो भिंतीकडे वळला.

काल सकाळी तो निघाला तेव्हा तुला म्हणाला, "ताई, येस का?" तू म्हणालीस, "तुले मी सांगं का येस म्हणून?" तो माझ्याकडे बघत राहिला. येते म्हणालीच नव्हतीस, पण राहते असेही म्हणाली नाहीस. मलाही कळले नाही. तो एकटाच गेला. पण तुझी पिशवी अजून कोपऱ्यात आहे, चेन लावलेली. तू तिच्यातूनच साडी काढतेस आणि पुन्हा चेन लावतेस. मी काल दिवसभर ती पिशवी बघितली. आज सकाळी तू चहा केलास, दोन कप. काळा पेन तू कुठे ठेवलास ते मी विचारले नाही.

मला एकच विचारायचे आहे. तू राहणार आहेस, की ऊन उतरले की जाणार आहेस? जाणार असलीस तरी मी काही म्हणणार नाही. तिकडे तुला बरे वाटत असेल. इथे प्रत्येक खणात तो आहे, आणि त्यात मी आहे, एकही गोष्ट जागच्या जागी राहू न देणारा. हे दोन दिवस मी तीनदा दारापर्यंत आलो आणि तुझे डोळे मिटलेले बघून परत फिरलो. चौथ्यांदा आलो नाही, कागद घेतला. तोंडाने विचारायला बसलो की शब्द

आत्ता तू आतून हाक मारलीस. "काय करताय? कूलर का बंद केलाय?"

मी म्हणालो, लिहितोय. लिहिताना कागद ओला होतो.

"कोणाला?"

तुला, म्हणालो.

आत कॉट करकरली. आता म्हणालीस, "मी काय धुळ्यात आहे का आता? इकडं येऊन बोला."

टोपण लावतो. येतो.